रिकामी बाटली परत द्या

माझ्या हातून झालेल्या बऱ्याचशा चुका तोंडी होत्या. तोंडी चुकीचं एक बरं असतं. नंतर ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ असं म्हणता येतं. ही चूक मात्र छापील होती, पाच भाषांत होती, आणि तिचे गठ्ठे माझ्याच टेबलाखाली पडलेले होते. पाय लांब केले की ते अंगठ्याला लागायचे.

तेव्हा मी हैदराबादेत, तारनाक्याच्या पुढे एका लहानशा कारखान्यात नोकरीला होतो. सरबतं, स्क्वॉश, लोणची आणि उन्हाळा आला की कैरीचं पन्हं, असा आमचा माल. रसायनशास्त्राची पदवी होती म्हणून मला आत घेतलं आणि अक्षर बरं होतं म्हणून लेबलांच्या कामाला बसवलं. रसायनशास्त्राला मी तिथे कधी हात लावल्याचं आठवत नाही. गिऱ्हाइकांच्या प्रकृतीच्या दृष्टीने ते ठीकच झालं.

परदेशी मालाला बाजार नुकता मोकळा झाला होता. सुलतान बाजारातल्या दुकानांत दर महिन्याला काहीतरी नवीन लटकायला लागलं होतं, आणि या नव्या मालाच्या वेष्टनांवर बारीक बारीक खुणा असायच्या. कुठे गोल फिरणारे बाण, कुठे झाडाचं पान, कुठे पृथ्वीचा गोळा, तर कुठे टोपलीत काहीतरी टाकणारा एक काटकुळा माणूस. हे सगळं पर्यावरणासाठी आहे एवढं कानावर आलं होतं. नेमकं कोणत्या खुणेने काय करायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या मेहुण्याने आखातातून आणलेल्या संत्र्याच्या रसाचा रिकामा डबा आमच्या घरी शोकेसमध्ये, बायकोच्या गायनाच्या बक्षिसाशेजारी उभा होता. त्यावर तीन हिरवे बाण एकमेकांचा पाठलाग करत होते. मला ते बाण फार आवडायचे.

आमचे मालक सत्तरीचे, जुन्या हैदराबादी घराण्यातले. त्यांनी एक दिवस मला बोलावून सांगितलं, “मियाँ, बाहरवालों के माल पे वो हरा-हरा कुछ रहता ना, अपने पे भी डालो.”

मी डाललं. स्क्वॉशच्या बाटलीवर बाण टाकले. लोणच्याच्या प्लास्टिकच्या पिशवीवरही बाणच टाकले, कारण तिथे कोपरा मोकळा दिसत होता. सॉसवर पान टाकलं. पन्ह्याच्या बाटलीवर पृथ्वी टाकली, तीही जागा कमी म्हणून जरा चपटी. आणि जुनी लेबलं संपवायची होती म्हणून अर्ध्या पन्ह्यावर काहीच नाही. छापून आल्यावर मी सगळा माल टेबलावर ओळीने मांडला आणि बराच वेळ लांबून बघत बसलो. एखाद्या कलावंताला वाटावं तसं मला वाटत होतं. लाज वाटायला अजून दोन महिने अवकाश होता.

ती लाज एका सकाळी रिक्षातून आमच्या फाटकाशी उतरली. विद्यानगरात आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर एक काकू राहायच्या. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या आणि आता आमच्या मराठी महिला मंडळाच्या अध्यक्षा. त्यांच्या कापडी पिशवीतून लोणच्याच्या रिकाम्या पिशव्यांची चळत निघाली. साबणाने धुतलेल्या, दोरीवर चिमटे लावून वाळवलेल्या, एकावर एक सरळ लावलेल्या.

“घे. तेवीस आहेत,” त्या म्हणाल्या. “आमच्या गल्लीतल्या सगळ्यांच्या जमवायलेय मी महिनाभर.”

कशासाठी, असं मी विचारलं.

“कशासाठी म्हणजे? स्क्वॉशच्या बाटलीवर हेच बाण आहेत, आणि बाटली तुम्ही परत घेता. मग ही का नाही?”

प्लास्टिकच्या पिशवीचं पुढे काय करतात हे मला, मालकांना किंवा ती पिशवी विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. मी “बरं झालं आणल्यात” असं काहीतरी पुटपुटलो आणि तेवीसच्या तेवीस पिशव्या टेबलाच्या खणात घातल्या. कितीही धुतल्या तरी त्यांना मोहरीचा वास होता. तो खण पुढे कितीतरी दिवस मला जेवणाच्या वेळेआधी भूक लावायचा.

काकूंचं तेवढ्यावर भागलं नाही. पन्ह्यावर ती पृथ्वी कशाची, असं त्यांनी विचारलं. ती पृथ्वीचीच आहे, असं मी सांगितलं. मग बाटली टाकायची का ठेवायची? सॉसवरच्या पानाचा विषय निघायच्या आत मी त्यांच्यासाठी सरबत मागवलं. ते त्यांनी सावकाश संपवलं, ग्लास खाली ठेवला आणि तीस वर्षं वर्गात चुकीची उत्तरं ऐकलेल्या माणसाच्या शांतपणे म्हणाल्या, “एका घरच्या मालावर तीन खुणा, आणि एकीचाही अर्थ घरच्याला सांगता येईना. याला काय म्हणायचं रे?”

दुपारी कळलं ते याहून वाईट होतं. मालकांकडे प्लास्टिकच्या बाटल्यांचा एक विक्रेता येऊन गेला होता. हलकी बाटली, फुटत नाही, परत यायची वाट बघायला नको. मालकांनी नमुना माझ्यापुढे ठेवला. आपल्या काचेच्या बाटल्या गेल्या दोन महिन्यांत अर्ध्यानेही परत येत नाहीत, असं ते म्हणाले. एवढ्या बाटल्या नव्याने घेणं झेपायचं नाही. काच बंद करून धुलाईची शेडही बंद करावी, असं त्यांच्या मनात होतं.

गेल्या दोन महिन्यांत. जुन्या लेबलाच्या तळाशी उर्दूत आणि तेलुगूत एक जाडजूड ओळ होती, ‘बाटली परत द्या’. दिसायला ओबडधोबड. बाणांना आणि पृथ्वीला जागा करायला मीच ती काढून टाकली होती. लोक बाटल्या परत देत नव्हते, कारण द्यायच्या असतात हे आता त्यांना कुणी सांगतच नव्हतं. आणि ज्याने ते सांगणं बंद केलं होतं तो मालकांसमोर मान डोलवत उभा होता.

धुलाईच्या शेडमध्ये सात बायका होत्या. त्यांतली मोठी ती अक्का. सगळे तिला तेच म्हणायचे. तेलुगू बोलणारी, वीस वर्षांपासून तिथेच. सोड्याच्या गरम पाण्यातून बाटली निघाली की ती आधी नाकाशी धरायची आणि मग उजेडाकडे. कुणी मधल्या काळात बाटलीत रॉकेल ठेवलं होतं का, हे तिला वासावरून कळायचं, आणि तशी बाटली ती तिथल्या तिथे फोडून टाकायची. शेडची बातमी तिच्यापर्यंत माझ्याआधी पोचली होती. मला बघून म्हणाली, “सारू, बोतलाँ नईं आए तो हम क्या धोना? मेरेकू दूसरा काम आता नईं.”

ओळ मी काढली, हे तिला सांगायला मी तोंड उघडलं होतं. “आएंगे” एवढंच बाहेर पडलं.

मग मी मालकांकडे गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा आपली चूक आपण होऊन कबूल केली. अर्थात ती छापखान्याच्या गळ्यात बांधता येत नाही याची खात्री करून घेतल्यावरच. एक संधी द्या म्हणालो. सगळ्या मालावरची पानं, पृथ्व्या काढून टाकतो. एकच खूण ठेवतो, बाणांची. तीही फक्त जे खरंच परत घेतो त्या बाटलीवर, आणि खुणेखाली तिचा अर्थ सरळ वाक्यात. जिथे खूण नाही तिथे काही नाही. मालक ऐकत राहिले. अनामत ठेवून घ्यायचा घोळ त्यांना नको होता, पण एक घाणा, म्हणजे एका खेपेचं पन्हं, नव्या लेबलाने काढायला ते तयार झाले. महिनाभरात चारांतल्या तीन बाटल्या परत आल्या तर काच ठेवू, नाही आल्या तर नमुना तयारच होता.

चैत्र लागत होता, आणि या एका गोष्टीत नशीब माझ्या बाजूने होतं. आमच्या मंडळाचं चैत्रगौरीचं हळदी-कुंकू सुलतान बाजारातल्या एका हॉलमध्ये व्हायचं. आंब्याची डाळ, पन्हं, ओटीला ओले हरभरे. यंदा प्रत्येकीला पन्ह्याची एकेक बाटली द्या, असं मी काकूंच्या गळी उतरवलं. सगळ्या घरच्या, ओळखीच्या; बाटल्या जाणार कुठे? दोनशे चाळीस बाटल्या ठरल्या, म्हणजे अख्खा घाणा.

नव्या लेबलाचं वाक्य लिहायला मी दोन दिवस घेतले. ‘रिकामी बाटली परत द्या.’ यातल्या ‘रिकामी’ या शब्दाचा मला विशेष अभिमान होता. कुणी तळाशी उरलेलं पन्हं तसंच ठेवून आंबलेली बाटली पाठवू नये, म्हणून तो. शेवटी पदवी कुठेतरी उपयोगी पडलीच. उर्दू मालकांनी बघितलं, तेलुगू हिशेबनिसाने, इंग्रजी आणि हिंदी मीच. मराठीचा खर्डा बायकोला दाखवायला नेला होता. तिचे हात पिठात होते. थांबा जरा, म्हणाली. मी म्हटलं, राहू दे, वाक्यात बघण्यासारखं काही नाही, छापायला टाकतो.

हळदी-कुंकू छान झालं. मी हॉलच्या बाहेर स्कूटरवर बसून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईच्या पिशवीकडे बघत होतो, इतकं की दोघीतिघींनी पदर सावरले. रिकाम्या बाटल्यांसाठी एक क्रेट आमच्या व्हरांड्यात ठेवला, एक काकूंच्या.

आठ दिवसांत एकही बाटली आली नाही. पन्हं संपायला वेळ लागतो, असं मी म्हणालो. पंधरा दिवसांत दोन आल्या. दोन्ही पुरुषांनी आणून टाकल्या होत्या. मी सकाळी उठलो की आधी व्हरांड्यात जायचो आणि क्रेटकडे बघून परत यायचो. दूध उतू गेलं तरी बायको मला हाक मारीना; बाटल्या येत नाहीत हे तिला दिसत होतं, आणि का येत नाहीत हेही तिला माहीत होतं, पण ते मला नंतर कळलं. महिन्याची मुदत मी तिला सांगितली नव्हती.

कारखान्यात गेलो की अक्का विचारायची, “आया?” मी म्हणायचो, आएंगे. तिसऱ्या आठवड्यात तिने विचारणं सोडलं. त्यानंतर मी शेडच्या मागच्या बाजूने ऑफिसात जायला लागलो. तिथे चिखल होता. रोज बूट भरायचे, पण चिखल काही विचारत नव्हता.

बाटल्या भंगारात जात असतील, अशी शंका मग माझ्या डोक्यात शिरली. विद्यानगरात एका दुपारी मी हातगाडीवाल्या कबाड्याला थांबवलं आणि त्याची गोणी रस्त्यात उपडी केली. दारूच्या बाटल्या निघाल्या, औषधाच्या निघाल्या, एक फुटका मर्तबान निघाला. गर्दी जमली. काही हरवलं का, असं कुणीतरी विचारलं, आणि मी पन्ह्याची बाटली म्हटल्यावर एक सद्गृहस्थ मला हळूच म्हणाले, उन्हात फिरू नका. दुसऱ्या दिवसापासून मी स्कूटर सावकाश चालवत लोकांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्यांतून डोकवायला लागलो. आणि बाटल्या दिसत होत्या, हेच भयंकर होतं. फळीवर, ओट्याच्या कडेला, धुऊन पालथ्या घातलेल्या. इतक्या स्वच्छ, इतक्या रिकाम्या, आणि जागच्या हलत नव्हत्या. ओळखीची दोनशे माणसं एकाच वेळी आपल्यावर रुसली आहेत असं मला वाटायला लागलं. का, ते मात्र आठवेना.

अक्षय तृतीयेला महिना भरत होता. त्याला दोन दिवस उरले असताना मी पाणी प्यायला आमच्या स्वयंपाकघरात गेलो, आणि माठाशेजारी आमचीच बाटली पालथी घातलेली दिसली.

“ही इथं काय करायलीय?” मी विचारलं.

“वाळायलीय,” बायको म्हणाली.

“क्रेट चार पावलांवर आहे.”

“मग रिकामीच नेऊन ठेवू? काही केलं की घालून ठेवते म्हटलं. सवडच झाली नाही या महिन्यात.”

मी तिच्याकडे बघत राहिलो. ती माझ्याकडे, वर्गातल्या ढ मुलाकडे बघतात तशी.

“हळदी-कुंकवाला आलेलं भांडं रिकामं परत करायचं? कुणाच्या घरी करतात असं?”

“पण लेबलावर लिहिलंय की.”

“ते वाचलं मी. मला वाटलं, छापखान्यात कुणा तिऱ्हाइतानं घातलंय. तुमच्या हातून असं कसं होईल?”

आमच्या घरी शेजारून आलेली वाटी कधी रिकामी परत गेली नव्हती. काही नसलं तर आई चिमूटभर साखर घालायची, आणि ती वाटी पोचवायचं काम माझं असायचं. अर्धी साखर वाटेत मी खायचो. म्हणजे ही रीत मी नुसती पाहिलेली नव्हती, तिच्यावर माझं पोषण झालं होतं. आणि मी पाच भाषांत दोनशे चाळीस घरांना सांगितलं होतं की भांडं रिकामं परत करा.

काकूंकडे धावलो. त्यांचीही बाटली फळीवर होती. मेतकूट करायचं राहिलं होतं. शिवाय त्यांनी मंडळातल्या सगळ्यांना बजावलं होतं की रिकाम्या नेऊन ठेवू नका, बरं दिसत नाही. मी जवळजवळ रडकुंडीला येऊन विचारलं, काकू, तुम्ही लेबल वाचलं नाही का?

“वाचलं की. पाचही भाषांत वाचलं. अरे, कुणाच्या घरी काही पाठवलं की म्हणतोच ना आपण, डबा रिकामाच द्या हं, काही घालू नका. म्हणायचं असतं तसं. ऐकणाऱ्यानं ते धरून बसायचं नसतं.”

शेडमधल्या सात बायकांबद्दल मी त्यांना सांगितलं. तेव्हा मात्र त्या उठल्या. त्यांच्या शेजारच्यांकडे फोन होता. तिथून जिथे जिथे फोन होता तिथे तिथे निरोप गेला, आणि तिथून गल्लीगल्लीत. काही करत बसू नका, चिमूटभर साखर घाला आणि आणून द्या, एवढाच निरोप. मी स्कूटरवरून उरलेल्या घरी. दाराशी उभा राहून साखर घाला म्हणायचो आणि त्या घरच्या बायका आतून भरला पेला घेऊन यायच्या, आता आलाच आहात तर तुम्हीही काही घ्या म्हणून. दोन दिवसांत मी नऊ ठिकाणी पन्हं प्यालो. आमच्याच कारखान्याचं, नव्याने विकत आणलेलं.

अक्षय तृतीयेला सकाळी दोन ऑटो भरून बाटल्या कारखान्यात गेल्या. मालकांनी बाहेर खुर्ची टाकली होती. हिशेबनिसाने मोजल्या, मी मोजल्या, पुन्हा त्याने मोजल्या. दोनशे सहा. हव्या होत्या एकशे ऐंशी. मी क्रेटला धरून उभा राहिलो.

मालकांनी एक बाटली उचलली, हलवली. आत काहीतरी वाजलं.

“खाली लिखे थे ना तुम?”

‘रिकामी’ असंच लिहिलं होतं, पण लोकांनी काय केलं ते मी सांगायला लागलो. ते ऐकत होते की नाही कळेना. त्यांनी बूच काढून तळहातावर दोन दाणे घेतले, जिभेवर ठेवले. साखर. दुसरीत तांदूळ. तिसरी बराच वेळ हुंगून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मेतकूट, असं मी सांगितलं. ती त्यांनी बाजूला, स्वतःच्या खुर्चीखाली ठेवली.

“हमारे यहाँ भी बर्तन खाली नईं जाता, मियाँ,” ते म्हणाले. “तुम किस घर के हैं?”

थोड्या वेळाने उठताना ते म्हणाले, “इस साल काँच रहने दो. अगले साल का अगले साल देखेंगे.” प्लास्टिकचा तो नमुना मात्र त्यांनी टेबलावरून हलवला नाही.

मी शेडकडे समोरून गेलो, चिखल टाळून. बायकांनी बाटल्या आधीच आत नेल्या होत्या. एका परातीत साखर जमत होती, दुसरीत तांदूळ, आणि त्यांच्या भोवती मुंग्या. अक्काच्या हातात एक बाटली होती. कुणीतरी हौसेने गुळाचा खडा टाकला होता. वैशाखाच्या उन्हात तो वितळून तळाला घट्ट बसला होता, आणि सोड्याच्या पाण्याला दाद देत नव्हता. तसल्या आणखी दहा-बारा बाटल्या तिने वेगळ्या काढून ठेवल्या होत्या.

“ये डालने को कौन बोला?” तिने विचारलं.

मी बोललो होतो. साखर म्हणालो होतो, गूळ नाही. पण हा फरक तिला सांगण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, “मैं.”

“हौ,” ती म्हणाली आणि एक लाकडी पाट माझ्याकडे सरकवला. “बैठो.”

मी बसलो. तिने बाटली दिली, एक लांब काडी दिली आणि गरम पाणी ओतलं. काचेतून माझी बोटं भाजत होती. काडी फिरवत मी तिला सांगितलं की शेड राहतेय; या वर्षी तरी राहतेय. पुढच्या वर्षाचं काही सांगता येत नाही. आणि मग, खाली बघत, तळाची ती ओळ कुणी काढली होती तेही सांगितलं.

तिने बाटली माझ्या हातातून घेतली, उजेडाकडे धरली, फिरवून बघितली. आत अजून गूळ होता. ती तिने मला परत दिली.